हिस्पॅनिक आरोग्यात काम करायचंय? फेलोशिपपर्यंतची वाट

अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करायला निघालेल्या मुलांच्या अर्जांत 'ग्लोबल हेल्थ' हे शब्द हमखास सापडतात. प्रत्यक्षात त्यातल्या अनेकांना रस असतो तो मधुमेह, शेतमजुरांचं आरोग्य, स्थलांतर, बाळंतपण अशा ठोस गोष्टींत. अशांना मी हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या (यांनाच लॅटिनोही म्हणतात), लोकांच्या आरोग्याकडे बघायला सांगतो. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक माणसं मोजली गेली, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यांच्या आरोग्यावर कसून संशोधन चालतं, नव्या लोकांना तयार करणाऱ्या फेलोशिप आहेत, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याजवळ तिथे देण्यासारखं बरंच असतं. अडचण एवढीच की बहुतेक जण इंटरनेटवर यादी शोधून थेट अर्ज भरायला बसतात आणि निबंध लिहून झाल्यावर कळतं की आपण पात्रच नव्हतो. ती मेहनत वाया जाऊ नये म्हणून कामाचा क्रम सांगतो.

पायरी १ : आधी व्हिसा, मग यादी

अमेरिकेतल्या आरोग्य प्रशिक्षणाचा मोठा पैसा केंद्र सरकारकडून येतो, आणि त्यातल्या बऱ्याच पैशावर नागरिकत्वाची अट असते. एनआयएच या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या टी३२ आणि एफ३१ या पीएचडीच्या काळातल्या फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतात. सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कार्यक्रमांचीही तीच अट. तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या किंवा ग्रीनकार्ड असलेल्या मराठी मुलांसाठी ही दारं उघडी आहेत, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी नाहीत. यात गुणवत्तेचा प्रश्न नाही, त्यामुळे नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. पण नकार येणारच असेल तर तिथे वेळही घालवू नका.

एफ-१वाल्यांनी दोन गोष्टी प्रवेश घेण्याआधीच तपासाव्यात. पहिली म्हणजे पदवीचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो ते सांगणारा क्रमांक. साधारण एमपीएच बहुधा स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत बसत नाही, एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसाराचं शास्त्र) आणि बायोस्टॅटिस्टिक्स बसतात. फरक मोठा आहे. शिक्षणानंतर काम करायला ओपीटी या परवानगीचे १२ महिने सगळ्यांनाच मिळतात, स्टेमवाल्यांना त्यावर आणखी २४. दोन वर्षांची फेलोशिप करायची असेल तर १२ महिन्यांत ती मावणार कशी? एकाच नावाच्या पदवीला दोन विद्यापीठं वेगवेगळे कोड लावू शकतात, म्हणून विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. दुसरी गोष्ट सीपीटीची, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीची. शिकता शिकता उन्हाळ्यात विद्यापीठाबाहेर पगारी काम करायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी मंजुरी लागते, आणि ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त वापरली तर त्या पातळीवरची ओपीटी जाते. मानधनाला पगार म्हणा नाहीतर स्टायपेंड, मंजुरीआधी कामाला सुरुवात करू नका.

अजून भारतातच असाल आणि हातात तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव असेल, तर फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप बघा. तिच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे. ती जे-१ व्हिसावर मिळते आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ज्यांना परत येऊन इथेच काम करायचं आहे त्यांना ही अट जाचत नाही. इतरांनी नीट विचार करावा.

एक गोष्ट २०२५ नंतर फार महत्त्वाची झाली आहे. त्या वर्षी केंद्र सरकारने विविधता आणि आरोग्य-विषमता या विषयांवरची अनेक अनुदानं रद्द केली. कार्यक्रमाचं पान इंटरनेटवर दिसतंय म्हणजे कार्यक्रम चालू आहे असं धरू नका. खाली मी जी नावं घेतो त्यांनाही हे लागू आहे. समन्वयकाला एका ओळीत विचारा : येत्या उन्हाळ्यासाठी पैसे मंजूर झालेत का?

आपण हिस्पॅनिक नाही, मग अर्ज करायचा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काही खासगी शिष्यवृत्त्या खरोखरच हिस्पॅनिक वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. त्या त्यांच्याच आहेत, तिकडे जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी मात्र अट असते ती त्या समाजाच्या आरोग्यासाठी काम करण्याच्या बांधिलकीची. ती बांधिलकी कागदावर दाखवता आली पाहिजे, आणि पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी २ : कोणता समाज, कुठला गाव?

'हिस्पॅनिक' हा एक समाज नाही. हे वाक्य सगळेच लिहितात, पण त्याचा अर्थ आकड्यांत बघा. 'स्टडी ऑफ लॅटिनोज' हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा दीर्घकालीन अभ्यास. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथून १८ ते ७४ वयाचे १६,४१५ लोक त्यात घेतले गेले. मधुमेहाचं प्रमाण एकूण १६.९ टक्के निघालं, पण मेक्सिकन वंशाच्या लोकांत ते १८.३ टक्के होतं आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १०.२ टक्के. फॉर्मवर 'हिस्पॅनिक' या एकाच चौकटीत खूण करणाऱ्या दोन गटांत एवढं अंतर! ब्राँक्समध्ये मुख्यतः प्वेर्तो रिकन आणि डोमिनिकन लोक भेटतील, मायामीत क्यूबन, सॅन दिएगोत मेक्सिकन. त्यांचा देशात येण्याचा इतिहास वेगळा, आहार वेगळा, कागदपत्रांची स्थिती वेगळी. प्वेर्तो रिकोचे लोक तर जन्माने अमेरिकी नागरिक असतात, त्यामुळे आरोग्य विम्याचा त्यांचा प्रश्न ग्वातेमालाहून आलेल्या मजुरापेक्षा पार निराळा.

म्हणून विषयाबरोबर जागाही निवडा. मधुमेह आणि हृदयविकारात रस असेल तर वर सांगितलेल्या चार शहरांतली विद्यापीठं बघा, शिवाय या अभ्यासाचं समन्वय केंद्र जिथे आहे ते चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. सीमेवरच्या समाजात काम करायचं असेल तर टेक्सासमधलं ब्राउन्सव्हिल. यूटीहेल्थ ह्यूस्टनच्या सार्वजनिक आरोग्य शाळेची तिथे शाखा आहे आणि कॅमेरॉन काउंटीतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास ती चालवते. कीटकनाशकं आणि मुलांची वाढ हा विषय असेल तर कॅलिफोर्नियातलं सॅलिनास खोरं. बर्कलीच्या संशोधकांनी १९९९ साली तिथे 'चामाकोस' हा अभ्यास सुरू केला, शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायकांपासून, आणि पुढे त्यांच्या मुलांचाही मागोवा घेत राहिले. कर्करोगात रस असेल तर सॅन अँटोनिओ.

आता आपल्याकडचं बघा. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होतात. त्यांना मधुमेह नसतो, उच्च रक्तदाबही नसतो. उन्हातलं जीव काढणारं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही प्रमुख कारणं मानली जातात, वाद अजून संपलेला नाही. बीड, अहिल्यानगर, धाराशिवचे ऊसतोड कामगार ज्यांनी जवळून पाहिलेत, कोयता, उचल, मुकादम हे शब्द ज्यांना समजावून सांगावे लागत नाहीत, त्यांना हा प्रश्न पुस्तकातून शिकणाऱ्यांपेक्षा लवकर कळतो. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला होता. हंगामी मजुरी आणि शरीर यांचं नातं इतकं उघडं करणारं उदाहरण अर्जात लिहायला दुसरीकडून आणायची गरज नाही.

तसंच प्रोमोतोरांचं. हिस्पॅनिक वस्त्यांत घरोघर जाऊन आरोग्याची माहिती देणाऱ्या, त्याच समाजातल्या बायकांना प्रोमोतोरा म्हणतात. बहुतेक मोठे प्रकल्प त्यांच्याच जिवावर चालतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि आज गावोगाव आशाताई आहेत. यातल्या कुठल्याही कामाशी तुमचा खरा संबंध आला असेल, सहा महिन्यांचा का असेना, तर तो अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

पायरी ३ : स्पॅनिश

हिला पर्याय नाही. सांख्यिकीचं काम भाषेशिवाय निभावतं, माणसांत जाण्याचं काम निभावत नाही.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. दिल्लीला इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए१ (सर्वांत सोपी) ते सी२ (सर्वांत अवघड) अशा पातळ्या आहेत. मुलाखती घ्यायच्या तर बी२च्या आसपास यावं लागतं, पण बी१ घेऊन गेलात तरी प्रकल्पप्रमुखाला दिसतं की हा माणूस गंभीर आहे. निघायला दीड वर्ष असेल तर आजच सुरुवात करा. गोव्यातल्या ज्यांना पोर्तुगीज येते त्यांना स्पॅनिश लवकर येईल, पण ती वेगळी शिकावीच लागेल.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर दवाखान्यात दुभाषाचं काम कधीही पत्करू नका, कोणी आग्रह केला तरी. औषधाची मात्रा किंवा शस्त्रक्रियेची संमती यांत एक शब्द चुकला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मेक्सिकोतल्या ओहाकाहून आलेले असे पुष्कळ मजूर आहेत ज्यांची मातृभाषा मिश्तेक किंवा सापोतेक आहे. स्पॅनिश त्यांनाही परकीच.

पायरी ४ : घरबसल्या एक काम पूर्ण करा

ही पायरी फार थोडे जण करतात आणि तिनेच सगळ्यात जास्त फरक पडतो. अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षण, म्हणजे एनहेन्स, आपली माहिती फुकट उघडी ठेवतं. पुण्यात, लातूरला, मस्कतला, कुठेही बसून ती उतरवून घेता येते. त्यात मेक्सिकन-अमेरिकन आणि इतर हिस्पॅनिक असे वेगळे गट आहेत, आणि २०११पासून आशियाई लोकही वेगळे मोजले जातात.

एक छोटा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, सारख्याच बीएमआयला मेक्सिकन-अमेरिकन आणि आशियाई प्रौढांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) किती? आर ही सांख्यिकीची संगणक प्रणालीही फुकट आहे. सर्वेक्षणाचे भार (एक माणूस किती लोकांच्या वतीने मोजायचा तो आकडा) आणि नमुन्याची रचना गणितात धरायला विसरू नका. ते न धरता काढलेले आकडे देशाच्या लोकसंख्येला लागू होत नाहीत आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळतं. दोन पानांचा अहवाल, एक तक्ता, एक आलेख, बास. भारतीयांशी तुलना पुढे न्यायची असेल तर अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावरचा 'मसाला' हा अभ्यास वाचा. २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या ९०६ लोकांपासून तो सुरू झाला. एकाच शहरात, शिकागोत, हिस्पॅनिक आणि दक्षिण आशियाई अशा दोन्ही समाजांचे मोठे अभ्यास असणं ही तुमच्यासाठी फार मोठी संधी आहे.

पायरी ५ : कुठल्या टप्प्यावर काय

पदवी शिकत असाल, आणि नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल, तर सीडीसीचे उन्हाळी 'अंडरग्रॅज्युएट पब्लिक हेल्थ स्कॉलर्स' कार्यक्रम बघा. कोलंबिया, मिशिगन, यूसीएलए अशा विद्यापीठांनी ते चालवले आहेत. साधारण दहा आठवडे, मानधनासह. अर्ज हिवाळ्यात.

मास्टर्स करत असाल किंवा नुकतं झालं असेल आणि पीएचडी करावी की नाही अशा द्विधेत असाल, तर सॅन अँटोनिओचा 'एक्सितो' कार्यक्रम तुमच्यासारख्यांसाठीच बांधलेला होता. यूटी हेल्थ सॅन अँटोनिओत डॉ. अमेली रामिरेझ यांनी तो राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अनुदानावर उभा केला. उन्हाळ्यातली काही दिवसांची कार्यशाळा, नंतर निवडक लोकांना इंटर्नशिप, आणि सगळा रोख लॅटिनो समाजातल्या कर्करोगावर काम करणारे डॉक्टरेट संशोधक तयार करण्यावर. याची पात्रता आणि सध्याची स्थिती तपासून घ्या.

धोरणात रस असेल तर वॉशिंग्टनमधली काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्था नऊ महिन्यांच्या फेलोशिप देते, त्यात आरोग्य हाही एक विषय असतो. अमेरिकेत विनाअट पूर्णवेळ काम करायची परवानगी लागते. पीएचडीनंतरच्यांसाठी एनआयएचचं के९९ हे अनुदान नागरिकत्व न बघता मिळतं. हे फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वॉशिंग्टनमध्येच १९०२ साली स्थापन झालेली पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन आहे. तिथली इंटर्नशिप अनुभव म्हणून मोलाची, पण राहण्याखाण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागेल असं धरून चाला. राष्ट्रीयत्वाची अटही आधी वाचा.

पायरी ६ : एफ-१वाल्यांचं खरं दार

सरकारी फेलोशिप बंद असल्या तरी संशोधन बंद नसतं. एनआयएचच्या आर०१ या संशोधन अनुदानाच्या प्रकल्पावर रिसर्च असिस्टंट म्हणून घ्यायला प्रकल्पप्रमुखाला नागरिकत्वाची अट आड येत नाही. प्रशिक्षण तेच, मार्गदर्शक तेच, शोधनिबंधावर नाव येण्याची शक्यता तीच. नाव मात्र 'फेलोशिप' नसतं. या नावाच्या मोहात चांगली संधी सोडू नका. एमपीएचमध्ये प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा असतो, तो अशाच प्रकल्पात किंवा सामुदायिक आरोग्य केंद्रात करा.

म्हणून यादी शोधण्याआधी माणूस शोधा. एनआयएचचं 'रिपोर्टर' हे संकेतस्थळ उघडा, विषय आणि शहर घाला. चालू अनुदानं, प्रमुखांची नावं आणि अनुदान कधीपर्यंत आहे ते दिसेल. ज्याच्या अनुदानाची तीन वर्षं बाकी आहेत त्याच्याकडे जागा निघण्याची शक्यता जास्त. मग ईमेल. पहिल्या ओळीत तुम्ही कोण. दुसऱ्या ओळीत त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातला कुठला प्रश्न तुमच्या मनात राहिला. तिसऱ्या ओळीत चौथ्या पायरीतला तुमचा अहवाल, जोडून. चौथ्या ओळीत किती तास, कोणत्या महिन्यापासून. एवढंच लिहा. 'आपल्या थोर कार्याने प्रेरित होऊन' वगैरे लिहू नका. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या माणसाकडे जा.

प्रत्यक्ष ओळखीसाठी ऑक्टोबर चांगला. मेक्सिकोच्या वकिलातींशी जोडलेला द्विराष्ट्रीय आरोग्य सप्ताह तेव्हा असतो. २००१मध्ये कॅलिफोर्नियात तो सुरू झाला. रक्तदाब मोजणं, नोंदी करणं, रांगेतल्या आजीला खुर्ची देणं अशी कामं निघतात. अनेक वकिलातींत 'व्हेंतानिया दे सालूद' म्हणजे आरोग्य खिडकीही वर्षभर चालते. बिनपगारी स्वयंसेवा एफ-१वर बहुधा चालते, तरी आपल्या कार्यालयाला आधी विचारा.

पायरी ७ : अर्ज

उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, त्यामुळे शिफारसपत्रं ऑक्टोबरात मागा. भारतातल्या प्राध्यापकांची पत्रं अनेकदा 'हुशार, नम्र, मेहनती' एवढ्यावर संपतात. निवड समितीला त्यातून काही कळत नाही. सरांना किंवा मॅडमना एक पान लिहून द्या : मी अमुक काम केलं, त्यात अमुक अडचण आली, ती अशी सोडवली. पत्र त्यांनीच लिहावं, पण तपशील तुम्ही पुरवावेत. एक पत्र शक्यतो क्षेत्रकामाच्या देखरेख करणाऱ्याचं घ्या, मग ते एखाद्या छोट्या संस्थेतल्या ताईंचं का असेना.

निबंधात हिस्पॅनिक समाजाबद्दल कणव दाखवू नका. 'वंचित, असहाय' ही भाषा वाचणाऱ्याला खटकते, कारण वाचणारा बहुधा त्याच समाजातला असतो. शिवाय ती अपुरीही आहे. उत्पन्न कमी आणि विमा नसलेले लोक जास्त असूनही हिस्पॅनिकांचं आयुर्मान गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त दिसत आलं आहे. १९८६पासून संशोधक हे कोडं मांडत आलेत आणि कोविडमध्ये ते अंतर एकदम आटलं. कुटुंबाचा आधार, तंबाखूचं कमी प्रमाण, निरोगी माणसांनीच स्थलांतर करणं अशी कारणं पुढे येतात. या समाजाकडून काय शिकायचंय हे लिहा. मग तुम्ही काय आणाल ते लिहा. भविष्यातल्या योजनेला शेवटचा एक परिच्छेद पुरे.

पायरी ८ : निवड झाल्यावर

माणसांवरच्या संशोधनाचं नीतिप्रशिक्षण, सिटी या नावाचं, पहिल्याच आठवड्यात संपवा. त्याशिवाय माहितीला हात लावता येत नाही. गावात किंवा शेतावर जाताना कोणाच्याही कागदपत्रांबद्दल विचारू नका, अभ्यासात तो प्रश्न मंजूर झालेला नसेल तर मुळीच नाही. आजच्या वातावरणात लोक घाबरलेले आहेत.

पैशांचा अंदाज यावा म्हणून एक आकडा : २०२४ साली एनआयएचच्या पीएचडी प्रशिक्षणार्थ्याला वर्षाला २८,२२४ डॉलर मिळत. सॅन दिएगो किंवा बोस्टनच्या घरभाड्यात एवढ्यावर खोली वाटून घेऊनच राहावं लागतं. ब्राउन्सव्हिलला बरं निभतं. स्टायपेंडमधून कर दर वेळी कापून येतोच असं नाही, तेव्हा थोडी रक्कम बाजूला ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमामुळे स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. १०४०-एनआर हा करअर्ज भरताना ते जरूर घ्या, आणि पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या मोफत करशिबिरात मार्च संपायच्या आत जाऊन या.